फुलवालीला शून्य

सांतियागो, १२ जून

प्रिय आई,

तिकडच्या वाऱ्याने यंदा छप्पर जागेवर ठेवलंय ना? मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते.

पीएचडी होऊनही ज्यांच्या हाताखाली राबतेय, ते डॉक्टर लार्राइन वीस वर्षं एकच शोधताहेत: ऑटिझम असलेल्यांना इतरांच्या भावना का कळत नाहीत. काल नेलिदाबाई आल्या. त्यांना ऑटिझम आहे, दफनभूमीच्या दारात फुलं विकतात. मेंदूच्या लहरी टिपणारी टोपी त्यांच्या डोक्यावर चढवून मी रडणाऱ्या बाईचा फोटो दाखवला. हिला काय वाटतंय?

"काही नाही. नाटक करतेय," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं रडणारी माणसं बघतेय मी, पोरी."

आई, फोटो नटीचाच होता! तरी साहेब हसले. "बघ, यांना दुःख कळतच नाही. शून्य दे."

"सर, पण त्यांचं बरोबर आहे."

"आता बरोबर काय ते तू ठरवणार?" म्हणत साहेब कॉफी प्यायला गेले. अपमानाने बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. भावनांच्या या पंडिताला तो दिसलाही नाही.

मी शून्य दिलं नाही. बाईंचं उत्तर जसंच्या तसं लिहून खाली सही ठोकली. आज शोधनिबंधातून माझं नाव उडालं. असल्या कागदावर ते नसलेलंच बरं.

इव्होदादाला त्याच्या ऑटिझमसाठी या डॉक्टरांना दाखवायचं का, विचारलंस. मुळीच नको. त्याला हे पत्र वाचून दाखव, पण "यास्नाचं छान चाललंय" असं म्हणू नकोस. तुझ्या तोंडाकडे बघून त्याला लगेच कळेल.

तुझीच,
यास्ना