माझ्याच आवाजातले वर्ग

प्रिय बाबा,

मी ठणठणीत आहे. आईने दिलेल्या पेरोगी अजून फ्रीझरमध्ये आहेत, म्हणजे उपाशी नाही हे तिला सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

आम्हा प्राध्यापकांचा करार संपून आठ महिने झाले, विद्यापीठ बोलणी लांबवतंय. सोमवारी संपासाठी मतदान आहे.

मागच्या महिन्यात डीनबाईंनी कळवलं, "फ्लूची साथ आहे, सगळे तास रेकॉर्ड करून ठेवा." आम्ही प्राध्यापक म्हणजे जन्माचे गुणी विद्यार्थी. मुदतीच्या आत सगळ्यांनी दिले, मी तर सर्वांत आधी. काल बोलणी चालू असताना विद्यापीठाचा वकील म्हणाला, "करा की संप. वर्ग तुमच्याच आवाजात चालू राहतील."

बाबा, कागद गिरणीच्या फाटकावर तुम्ही उणे तीस अंशांत एकोणीस आठवडे उभे राहिलात, पण संपावर जाताना मालकाला आपले हात काढून दिले नव्हते. आम्ही पीएचडीवाल्यांनी ते दिले, वर आभारही मानले.

पण रेकॉर्डिंग पेपर तपासत नाही. माझ्या टेबलावर दोनशे पडलेत, तसेच पडू देत.

तुमचे त्या संपातले बूट पाठवा. मोठे होतील, दोन मोजे घालीन.

तुमचीच हट्टी,
डार्का