नऊ नावं, आठ कोनाडे

सोमवार, ३ जून

माझी नेमणूक पक्की झाली. मेयरबाईंनी स्वतः सांगितलं, तेही धक्क्यावर, माझा एक पाय लाँचमध्ये आणि एक पाण्यात असताना. आजपासून लिनावान नगरपालिकेची जन्ममृत्यू नोंदणी अधिकारी मी, आरासेली मागसायो. नगरपालिका म्हणजे एक दुमजली इमारत, झेंड्याचा खांब आणि समोर बास्केटबॉलचं मैदान. मैदानावर सध्या खोबरं वाळत घातलंय. सकाळच्या झेंडावंदनाला सगळे मिळून एकवीस जण होते. एकविसावी मी, हातात बॅग घेऊन.

कचेरीत आम्ही दोघीच. सगळ्यांची मानांग, थोरली ताई, पासिता इथे बावीस वर्षं आहे. लग्न झालंय का, नवरा कुठाय, एवढी वाळलेली का, हे तिने माझी बॅग खाली ठेवायच्या आत विचारून घेतलं. नवरा नाही म्हटल्यावर म्हणाली, मग बरंय दाय, बरंय पोरी, समुद्राला न्यायला काही नाही.

राहायला बेकरीमागची खोली मिळाली आहे. एक खाट, एक खुर्ची, एक खिडकी, जाड सिमेंटच्या भिंती. पहाटे पावाचा वास येतो. आईला कळवायला हवं की मी इथे मजेत आहे.

शुक्रवार, ७ जून

जुन्या अधिकाऱ्याच्या कपाटात एक वही सापडली. तीत नऊ नावं. बारा वर्षांपूर्वी एकाच होडीतून मासेमारीला गेले, होडी आली नाही, माणसंही नाहीत. त्यांच्या मृत्यूची नोंद कुणीच केलेली नाही. दर शुक्रवारी घरची माणसं खिडकीशी येतात, नाव सांगतात, आणि पासिता त्यापुढे लिहिते, अजून आलेला नाही. आजही सहा जणी आल्या. रांगेत भोपळ्याच्या भावावर भांडत होत्या.

मी म्हटलं, मानांग, हा काय प्रकार आहे? ती म्हणाली, प्रकार काही नाही, पद्धत आहे. यादीतला सहावा, सेनोन, तिचाच नवरा. त्याच्यापुढेही ती दर आठवड्याला स्वतःच्या हाताने तेच लिहिते.

प्रांताच्या कचेरीचं पत्र येऊन पडलंय. असल्या सगळ्या नोंदी पंधरा तारखेच्या आत पूर्ण करायच्या. आधीच्या अधिकाऱ्याची बदली याच कारणाने झाली.

बुधवार, १२ जून

सुट्टीचा दिवस, तरी घरोघर फिरून आले. कॉफी सगळ्यांनी दिली, सही कुणी दिली नाही. यादीतल्या पहिल्याची, डेमेत्रियोची आई म्हणाली, तुला कागद हवाय तर तूच सही कर, तुझा तो कोण लागतो? ओनोफ्रे म्हणून होडीवरचा स्वयंपाकी होता, त्याचं तर घरच नाही. शेजारीण म्हणाली, आमटी छान करायचा, बाकी माहीत नाही.

पासिताने समजावून पाहिलं. ज्याचा कागद झाला त्याला जागा मिळते, दाय, आणि जागा मिळाली की माणूस तिथे जायला निघतो. मी हसले. तीही हसली, पण जरा उशिरा.

शुक्रवार, १४ जून

झालं एकदाचं. मृत्यूच्या फॉर्मवर एकही रकाना कोरा राहिला तर तो परत येतो. म्हणून माहिती देणाऱ्याच्या रकान्यात नऊही ठिकाणी माझं नाव, माझा पत्ता, माझी सही. दफनाच्या जागेसाठी स्मशानाच्या रखवालदाराकडून रिकाम्या कोनाड्यांचे नंबर घेतले. वादळानंतर स्मशान टेकडीवर हलवलंय, शवपेटी सरकवायचे सिमेंटचे कोनाडे एकावर एक, चकचकीत. शेवटचे फॉर्म घाईत भरले, लाँच भोंगा देत होती. पाकीट खलाशाच्या हातात दिलं.

पासिताने आज वही उघडली नाही. खिडकीशी आलेल्या बायकांना तिने परत पाठवलं.

सोमवार, १७ जून

जेवायला घरी आले होते. साडेबाराला दाराशी हाक आली, आयो, घरात कुणी आहे का. मी खाटेवरूनच दायोन म्हटलं, या म्हटलं, कुणीही म्हणतं तसं. एक माणूस उंबऱ्याशी उभा होता. टोपी काढून त्याने विचारलं, मॅम, नव्या स्मशानाचा रस्ता कुठला? त्याच्या वेळी ते खाली किनाऱ्याशी होतं म्हणे. मला वाटलं, गवंडी असेल. चर्चमागून वर, म्हटलं. एक नंबरचा कोनाडा कुठल्या ओळीत, तेही त्याने विचारलं. भर उन्हात उभा होता पण डोळे मिचकावत नव्हता. बोटांच्या पेरांवर कालवांसारखं पांढरं काहीतरी धरलं होतं.

मंगळवार, १८ जून

रखवालदार कचेरीत आला. एक नंबरचा कोनाडा बंद झालाय. त्यावर बोटाने लिहिलंय, डेमेत्रियो. कोणी गवंडी लावला होता का, असं विचारत होता. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, थापी बाहेरून फिरलेलीच नाही, सिमेंटचा माल आतून दाबलाय.

दुपारी दुसरा आला. तोच प्रश्न. नंबर दोन.

बुधवार, १९ जून

आज घरी गेले नाही, कचेरीतच डबा खाल्ला. साडेबाराला खिडकीशी रांग होती, जन्माचे दाखले वगैरे. रांगेत मधेच एका माणसाएवढी जागा मोकळी सोडून लोक उभे होते. मग त्या जागेतून तिसरा खिडकीशी आला. पासिताने मान वर केली नाही. रस्ता मलाच विचारला.

गुरुवार, २० जून

कचेरीतल्या प्रती काढून पाहिल्या.

रिकामे कोनाडे आठ होते. नावं नऊ. नववा ओनोफ्रे. त्याच्या दफनाच्या जागेत मी घाईत वरचीच, माझ्या पत्त्याची ओळ पुन्हा लिहिली आहे. बेकरीमागची खोली, लिनावान.

सही माझी. अक्षरही माझं, अगदी सुवाच्य.

पासिताला दाखवलं. तिने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, रोज एक येतोय. मंगळवारी नववा. तू त्याआधी बेट सोड, दाय. आज चौथा येऊन गेला.

शुक्रवार, २१ जून

दुरुस्तीचा अर्ज केला. नियम असा की अर्ज दहा दिवस फलकावर लावायचा, कुणाची हरकत नसेल तरच दुरुस्ती. मेयरबाईंना म्हटलं, दहाचे चार करा. त्या म्हणाल्या, मॅम, नियमावर तुम्हीच तर आम्हाला व्याख्यान दिलं होतं. मग त्यांनी माझा चेहरा बघितला. गवंडी पाठवते म्हणाल्या, नववा कोनाडा बांधून घ्या.

लाँच बंद. किनारा रक्षकांनी वादळाचा पहिला बावटा लावलाय. समुद्र तर सपाट दिसतोय.

पाचवा चर्चच्या दाराबाहेर थांबला होता. मी आत होते. मला शेवटी बाहेर यावंच लागलं.

शनिवार, २२ जून

आज सहावा, सेनोन. पासिता अकरापासून माझ्या दाराशी बसली होती, केस विंचरून, चांगला निळा झगा घालून. बारा वर्षांनी येतोय, म्हणाली, आणि मी अशी जाडी झालेय. हसायला लागली आणि थांबेना.

तो आला. ती उठली. तिने त्याला हाक मारली. तो तिच्या अंगाला घासून पुढे आला आणि टोपी काढून मला विचारलं, मॅम, रस्ता कुठला.

मला सांगवेना. तो थांबून राहिला. शेवटी पासितानेच हात करून दाखवला, चर्चमागून वर. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेच पाहत राहिला, मी बोलेपर्यंत. मग मी बोलले.

पासिता नंतर म्हणाली, सही माझी असती तर मला विचारलं असतं. एवढंच म्हणाली.

रविवार, २३ जून

सातवा. नववा कोनाडा बांधून झाला, अजून ओला आहे. लाँच नाही. झोप नाही. एका नावाड्याला विनवलं, तो म्हणाला, मॅम, त्या कागदांवर नाव असलेल्याला मी होडीत घेत नाही. कागदांवर माझं नाव नऊ वेळा आहे, हे याला कुणी सांगितलं?

सोमवार, २४ जून

झेंडावंदनाला माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती.

आठवा. त्याने रस्ता विचारला, मग खोलीत डोकावून पाहिलं. म्हणाला, ओनोफ्रेला जागा पुरेल.

पासिता म्हणते, माझ्या घरी ये. गेले तर तो तिथे येईल. तिच्या दारात पुन्हा एकाला— नाही. मी इथेच थांबणार. समजावून सांगेन. नवा कोनाडा आहे, नंबर नऊ, रस्ता सोपा आहे. सांगितलं की जातात. आठही गेले.

मंगळवार, २५ जून

सकाळ. लाँच नाही. पासिता एक वाजता येते म्हणाली आहे, सोबत मेयरबाई आणि पाद्री. मी म्हटलं, साडेबाराच्या आत या. ती म्हणाली, पाद्री जेवल्याशिवाय निघत नाही.

साडेबारा. आलाय. हाक मारली. मी या म्हटलं नाही. दार लावलंय, कडी घातली आहे. दारातूनच सांगितलं, चर्चमागून वर, नंबर नऊ, तुमच्यासाठीच बांधलाय.

तीनदा सांगितलं.

तो म्हणतो, मला टेकडी चढवत नाही मॅम, आणि कागदावर इथलाच पत्ता आहे. फार नम्रपणे म्हणतो. दमलेला वाटतो. आवाज दाराबाहेरून येत होता. आता खाटेकडून—

मागे बघत नाही. लिहीत राहते.

खिडकीची फट बुजत चाललीय. ओला माल. बाहेरून नाही, आतल्या बाजूने, माझ्या हातालाही लागलाय. उजेड कमी—

एक वाजता पासिता येईल. भिंत बघेल, गुळगुळीत, आणि वर बोटाने लिहिलेलं नाव. नाव एकच मावेल, दुसरं पासिताच्या वहीत, दर शुक्रवारी, अजून आलेलं नाही. कुणाचं लिहू, असं तो मला विचारतोय. माहिती देणारी मी आहे, मी सांगेन तेच तो लिहिणार, आणि मी जर त्याचं—