वळणावरचे एकसष्ट ब्रेक

प्रति,
मा. मुख्य अभियंता साहेब (मालडबे व ब्रेक),
दगडखाण मालमार्ग कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

विषय : बेचाळीस मालडब्यांवरील घसरण-झडपा काढण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत, तसेच माझ्या घरच्या धुण्याच्या पाण्याबाबत.

संदर्भ : शेडच्या फलकावरील आपली सूचना. (ती खिळ्यापाशी फाटली आहे. फाटलेला मजकूर गार्डसाहेबांनी तोंडी सांगितला.)

महोदय,

मी आपल्याच शेडमधून निवृत्त झालेला वॅगन फिटर असून रुळांच्या वळणालगत घर क्रमांक सातमध्ये राहतो. आमच्या घरातले अर्ज माझी पत्नी लिहीत असे आणि मी फक्त सही करत असे. ती पाच महिन्यांपूर्वी वारली. मी स्वतः लिहिलेला हा पहिलाच अर्ज आहे. यात काही कमीजास्त झाल्यास दोष माझा समजावा. पाणी-जोडणीचा जो अर्ज आपल्याकडे एका फेरीत मंजूर झाला होता, तो तिचा होता.

१. आपण वरच्या मजल्यावर बसता, म्हणून झडप कशी चालते ते थोडक्यात लिहितो. गाडीच्या सगळ्या डब्यांखालून हवेची एकच नळी जाते. नळीत हवा भरलेली असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात. एखादे चाक रुळावरून उतरून रुळांखालच्या आडव्या स्लीपरवर आपटू लागले की झडपेतले वजन उडते, तोंड उघडते, हवा निघून जाते आणि सगळ्या डब्यांना आपोआप ब्रेक लागतात. ज्या डब्याची झडप उघडली तिची लाल दांडी बाहेर येते, ती गार्डाने हाताने आत ढकलायची. यात ड्रायव्हरला काही कळावे लागत नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. येथे एका डब्याला ठेच लागली की बाकीचे एकेचाळीस जागच्या जागी शहाणे होतात. माणसांत इतके जमलेले मी पाहिलेले नाही.

२. झडपा नव्हत्या तेव्हा याच मार्गावर एक डबा घसरला होता. गाडी जड, ड्रायव्हर पुढे. त्याला पत्ताच नाही. तो डबा दोन किलोमीटर स्लीपर फोडत आला आणि आमच्या वळणापुढच्या पुलावर अडकला. त्याची दोन चाके पुलाबाहेर होती आणि खाली गिरणीत जाणारी माणसे मान वर करून पाहत होती. डबा कापायला मीच गेलो होतो. पुढे झडपा आल्या तेव्हा बेचाळीसही डब्यांवर त्या मी माझ्या हाताने बसवल्या, त्या याच कारणाने.

३. आपल्या सूचनेत म्हटले आहे की, दोन वर्षांत या झडपांनी वळणावर एकसष्ट वेळा 'खोटा ब्रेक' लावून गाडीला उशीर केला आणि गेले पाच महिने त्या एकदाही चालल्या नाहीत, त्याअर्थी त्या आधी बिघडल्या व आता पूर्ण बंद पडल्या, सबब महिनाअखेर काढाव्यात. सूचना वाचून मला वाईट वाटले. आधी खोटी म्हणायचे आणि गप्प बसली की मेली म्हणायचे, असे माणसाला केले असते तर त्यानेही अर्ज केला असता.

४. आता पत्नीविषयी लिहावे लागते. अर्जाला ते आवश्यक आहे. गाडीवाल्यांच्या विश्रांतीखोलीतल्या चादरी ती दर मंगळवारी व शनिवारी धूत असे. चाळीस चादरी. सिमेंटची टाकी मी बांधून दिली होती आणि तिचे पाणी जाण्यासाठी नळही मीच टाकला होता. अकरा वाजता ती टाकीचे बूच काढी. भरलेली गाडी दिवसातून एकच, साडेदहाची. गाडी घरामागे थांबली की ती निळीचे बोट भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेला उठवी आणि मला हाक मारी, "अहो, तुमची लाडकी आज पुन्हा रुसली." लाडकी म्हणजे झडप. मी म्हणे की ती उगीच रुसत नाही. त्यावर ती म्हणे, "बायकोबद्दल असं कधी बोलला नाहीत." तोवर गार्डसाहेब दांडी ढकलून कुंपणाशी आलेले असत. त्यांना सगळे 'सावकाश' म्हणतात, कारण कोणतीही गोष्ट सांगितली की त्यांच्या तोंडी हा शब्द येतोच. ते म्हणत, "वहिनी, चहा सावकाश होऊ द्या, हवा भरायला वेळ आहे." असे एकसष्ट वेळा झाले. तिच्या निळ्या बोटांची संख्याही एकसष्टच आहे. आपली नोंदवही व आमची भिंत यांत एकाचाही फरक नाही.

५. ती गेल्यावर चादरी बाहेर धुवायला जाऊ लागल्या. मागच्या महिन्यात विश्रांतीखोली सांभाळणारे माझ्याकडे आले व म्हणाले की नव्या ठिकाणाहून चादरी पुठ्ठ्यासारख्या येतात, ड्रायव्हर लोक कण्हतात, एकदा तुम्ही धुऊन पाहता का. मला धुता येत नाही हे मी सांगितले. ते म्हणाले, येत कुणाला असतं, हात रिकामे आहेत का ते सांगा. हात रिकामे होते. गेल्या मंगळवारी मी चाळीस चादरी धुतल्या. नीळ जास्त पडली, त्याबद्दल ड्रायव्हरांची क्षमा मागितली आहे. त्यातले एक म्हणाले की आभाळात झोपल्यासारखे वाटते. अकरा वाजता मी सवयीने, म्हणजे तिच्या सवयीने, बूच काढले. गाडीला त्या दिवशी उशीर होता. सव्वाअकराला ती आली आणि पाच महिन्यांनी प्रथमच घरामागे थांबली.

६. सावकाश गार्ड धावत आले. त्यांना धावताना मी प्रथमच पाहिले. शेवटून तिसऱ्या डब्याची लाल दांडी बाहेर आली होती, चाके मात्र रुळावरच होती. ते म्हणाले, "अजून जिवंत आहे की हो!" कोण, ते मी विचारले नाही. मी डब्याखाली वाकून पाहिले. रुळाच्या सांध्याखालून चिखलाचे बुडबुडे येत होते. छत्री खुपसली तर ती मुठीपर्यंत आत गेली. चिखलाचा रंग निळसर होता.

७. मग मी आत जाऊन दिनदर्शिका काढल्या. एकसष्ट बोटे, आणि त्यांतले एकही मंगळवार-शनिवार सोडून नाही. आधी मला वाटले की झडपेला आठवडी सुट्टी असावी. माझी लेक आली होती, तिने समजावून सांगितले. गाडी वेळेवर आली की बूच निघण्याआधी निघून जाई. उशिरा आली की पाणी खडीखाली उतरलेले असे, भरलेल्या डब्याखाली सांधा खचे, चाक रुळावरच जोरात आपटे आणि झडप ब्रेक लावी. आपल्या सूचनेत ब्रेकमुळे उशीर होतो असे आहे. वास्तविक उशिरामुळे ब्रेक लागत होता. आणि पाच महिने झडप गप्प होती, कारण धुणारी नव्हती, पाणी नव्हते, जमीन कोरडी होती. झडप एकदाही खोटे बोललेली नाही. तिला बोलण्यासारखे काही उरले नव्हते, इतकेच. हे मी समजू शकतो.

८. त्याच दिवशी मी रुळांच्या मुकादमांकडे गेलो. ते म्हणाले की सांधा उकरायचा तर नोंदवहीत कारण लागते. नोंदवहीत दोनच रकाने आहेत : 'डबा घसरला' आणि 'खोटा ब्रेक'. डबा घसरलेला नाही, म्हणजे ब्रेक खोटा. ब्रेक खोटा, म्हणजे सांधा ठीक. सांधा ठीक असताना उकरता येत नाही. मी विचारले की डबा घसरण्याच्या बेतात असेल तर कुठे लिहायचे. ते म्हणाले, "काका, बेताचा रकाना नाही. घसरू द्या, मग लगेच येतो." माणूस वाईट नाही, निघताना त्यांनी मला छत्री पुसायला फडकेही दिले. पत्नी असती तर म्हणाली असती की पडलं तरच लागलं म्हणायचं का, ठेच कुणाला लागतच नाही का.

९. मी माझा दोष लपवत नाही. नळ मी टाकला. उतार रुळांकडे सोपा होता म्हणून तिकडे दिला. तिने तेव्हाच विचारले होते की पाणी नक्की जातं कुठे, आणि मी उत्तर दिले होते, "जातं कुठेतरी." बेचाळीस डब्यांना झडपा बसवणाऱ्या माणसाचे हे उत्तर आहे. त्या वळणापुढे पूल आहे आणि पुलाखाली माणसे आहेत. दोन वर्षे माझ्या निष्काळजीपणापासून त्यांना ज्या वस्तूने वाचवले तिलाच आपण शिक्षा करत आहात. शिक्षा द्यायचीच तर पत्ता वर दिला आहे. लेक म्हणते, "बाबा, एवढं खरं अर्जात लिहीत नाहीत." पण तिच्या आईने कच्चा मसुदा पाहिला असता तर हा परिच्छेद पहिला घेतला असता.

नळाला मी त्याच दिवशी लाकडी खुंटी मारली आहे. आता पाणी बादलीने पुढच्या अंगणात नेतो. चादरी धुण्याचे काम मी कायम घेतले आहे, निळीचे प्रमाणही आता सुधारत आहे.

तरी विनंती की, झडपा काढू नयेत. महिनाअखेरीस सोळा दिवस आहेत. सांधा उकरून खडी बदलावी, मजूर कमी असल्यास घमेले घेऊन मी उभा राहीन. नोंदवहीत तिसरा रकाना आखावा. पट्टी व पेन्सिल माझ्याकडे आहे. आणि त्या एकसष्ट नोंदींतला 'खोटा' हा शब्द खोडावा.

सांधा नीट झाला की गाडी माझ्या घरामागे थांबणार नाही हे मला माहीत आहे. सावकाश गार्डांनाही सांगून टाकले. ते कप खाली ठेवत म्हणाले की सुट्टीच्या दिवशी पायी येत जाईन. किती वाजता, असे मी विचारले. काय उत्तर आले असेल ते आपण ओळखलेच असेल.

आपला नम्र, आणि या प्रकरणी जबाबदारही,

(सही)
निवृत्त वॅगन फिटर,
घर क्रमांक सात, वळणालगत.
दिनांक १४, मंगळवार. चादरी वाळत घातल्यावर.

सोबत :
१. सांध्याचे रेखाचित्र, लेकीने काढलेले. (छत्री मापासाठी दाखवली आहे.)
२. निळसर चिखल, डबीत. झाकण घट्ट आहे, जपून उघडावे.
३. दिनदर्शिका दोन, मूळ. यांची नक्कल आपण ठेवावी व मूळ प्रती परत पाठवाव्यात, ही विनंती. तारखा कुठेही मिळतील. बोटे तिची आहेत.