मी बोलतो तेव्हाच तुमचा ट्रक का किंचाळतो

आदरणीय नत्थूभाऊजी, आणि तुम्ही हे पत्र ओसरीवर मोठ्यानं वाचाल तेव्हा जमणारे कुहीचे तमाम बंधुजनहो,

जयभीम. आपल्या सगळ्यांचं एक दुःख सारखं आहे. आपण बोलायला तोंड उघडलं की दुसरंच कोणीतरी ओरडतं. तुमच्या घरी हे काम कूलर करायचा, माझ्या सभेत तुमचा ट्रक करतो. तुमचे गुडघे कसे आहेत? अंजनाताईचा खोकला गेला का? कूलरची खडखड एकदम थांबली असं ताई फोनवर सांगत होती, ऐकून बरं वाटलं. (ट्रकमधलं कसलंसं लोखंडी कडं तुम्ही त्याच्या पायाखाली सरकवलं म्हणे. घरच्या घरी एवढं डोकं चालवणारा जावई आमच्या घराण्याला दुसरा मिळाला नाही.)

आता मुद्दा. आमच्या जरीपटक्याच्या वस्तीतली अभ्यासिका रिकामी करून तिथे गोदाम करायचं घाटतंय, हे तुम्हाला ठाऊक आहे. वस्तीतली पोरं तिथे परीक्षांचा अभ्यास करतात. माझी मोनालीही तिथेच बसते. (घरी माझा आवाज असतो, असं तिचं म्हणणं.) येत्या रविवारी संध्याकाळी साहेब लोक चौकात येऊन आमचं म्हणणं ऐकणार आहेत. म्हणून तर तुमचा ट्रक मागून आणला. मागच्या उघड्या डाल्यात उभं राहून बोलायचं, केबिनच्या टपावर दोन भोंगे, आणि भोंग्यांना वीज ट्रकच्याच बॅटरीची. बॅटरी म्हातारी, त्यामुळे इंजिन चालू ठेवावं लागतं. बंद केलं की भोंगे दहाव्या वाक्याला मरतात, आणि माझा विषय अकराव्या वाक्याला सुरू होतो.

तालीम म्हणून गेल्या आठवड्यात एक सभा घेतली. "बंधू-भगिनींनो!" एवढं म्हटलं आणि बॉनेटखालून अशी किंकाळी उठली की कोपऱ्यावरच्या गुपचुपवाल्याच्या हातातली पुरी पाण्यात बुडाली. मी थांबलो, किंकाळी थांबली. मी "अन्याय!" म्हटलं, ती पुन्हा उठली. मागून मनोहरराव टेलर ओरडले, "संघपाल, पहिले ट्रकले बोलू दे गा! त्याच्यावरचा अन्याय मोठा दिसून राहिला!" सारा चौक हसला. भाऊजी, मोर्च्यात माझ्यावर लाठ्या उगारल्या गेल्या तेव्हा मी मागे सरलो नाही, पण त्या हसण्यानं मी डाल्यातून खाली उतरलो. उतरता उतरता प्रतिज्ञा केली, की या आवाजाचं मूळ उपटेपर्यंत दाढी करणार नाही.

पहिला संशय अर्थातच गोदामवाल्यांवर. बॉनेट उघडून कारस्थान शोधलं, सापडलं उंदराचं घरटं. मग मनोहररावांच्या सल्ल्यानं फॅन बेल्टला साबण घासला. फेस झाला, आणि आवाज धुऊन आणखी स्वच्छ निघाला. मग नवा बेल्ट घातला. तो तरुण असल्यानं जुन्यापेक्षा जोरात ओरडला. मी इंजिनावरचं मिळेल ते वाचून काढलं, आणि यंत्राच्या बंडाचा इतिहास घरच्यांना ऐकवायला घेतला, तेव्हा मोनाली म्हणाली, "बाबा, तुमी चूप बसले का तो चूप बसते. माइक मले द्या, पाहू." ती डाल्यात चढून हळू आवाजात बोलली. ट्रक गुरगुरत राहिला, किंचाळला नाही. ती ओरडली, तोही ओरडला. "पाहा! तुमी ओरडता काहून? हळू बोला नं!"

हळू बोलणं हा उपाय नाही, भाऊजी, ती शरणागती आहे. पण पोरीनं धागा हातात दिला. माझा आवाज चढला की भोंगे जास्त वीज ओढतात, बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरवर भार पडतो आणि त्याला फिरवणारा बेल्ट घसरून किंचाळतो. पण भार पडला म्हणून बेल्टनं घसरायचं कशाला? चालत्या बेल्टवर दुरून पाणी शिंपडलं. पाण्यानं आवाज वाढला असता तर बेल्ट सैल असता. इथे तो क्षणभर थांबला आणि परत आला, म्हणजे पुल्या एका रेषेत नाहीत. इंजिन बंद करून माझ्या जाड शब्दकोशाची सरळ कड दोन पुल्यांना लावली. (चाळीस वर्षांत त्या ग्रंथाचा इतका रोकडा उपयोग प्रथमच झाला.) अल्टरनेटरची पुली बोटभर मागे! आणि त्याच्या बोल्टवर, सगळ्या तेलकट काळ्या ओंगणात, एक गोल स्वच्छ खूण, जणू तिथलं कडं अलीकडेच कोणीतरी काढून नेलंय.

मी कोणावर आरोप करत नाही. जावयावर तर नाहीच नाही. ताईला आणि तुमच्या गुडघ्यांना माझा जयभीम.

तुमचा, दाढी वाढलेला
संघपाल

ता. क. : त्या मापाचं कडं इथे मिळेना. ट्रकचं मॉडेल ऐकून दुकानदार आधी हसला, मग त्यानं ट्रकच्या वयाला हात जोडले.

आणखी ता. क. : कूलर पुन्हा खडखडेल अशी भीती नको. माझ्या भाषणांची छापील पुस्तिका सोबत पाठवतो आहे. जाडी मोजली, चार प्रती ठेवल्या की बरोबर बसतात. प्रती भरपूर आहेत आणि सगळ्या कोऱ्या आहेत.

शेवटचं ता. क. (हे ओसरीवर वाचू नका) : कडं आलं नाही तर रविवारी मोनाली बोलणार, असं वस्तीनं ठरवलं आहे. काल तिनं तालीम केली. हळू बोलली, थोडकं बोलली, ट्रकनं हूं की चूं केलं नाही आणि मनोहररावांनी चक्क डोळे पुसले. म्हणजे अभ्यासिका माझ्याशिवायही वाचेल. हे मी होऊ देणार नाही! तेव्हा उठा भाऊजी, गुडघे दुखत असले तरी उठा, कूलर तिरपा करा आणि ते कडं घेऊन रविवारच्या पहिल्या एस.टी.त बसा!