शेवटचा S तेवढा उरला

सोम. ३ नोव्हें., धडगाव
सिकलसेल तपासणीचे निकाल आले, सगळे एकाच लांबलचक फाइलीत. नाव, पाडा, पुढे AA, AS नाहीतर SS. AA निरोगी, AS नुसता वाहक, SS म्हणजे आजार. हातानं निवडायला आठवडा गेला असता. मी संगणकाला अक्षरं शोधायचा पॅटर्न लिहून दिला, (A|S)+, आणि कंसात सापडेल ते उचललं. दहा मिनिटांत यादी! नावापुढे एकेकच अक्षर आलं; A ते निरोगी, S ते वाहक धरले. SS एकही नाही. डॉक्टर खूश, मीही फुशारले. यादी पाड्यापाड्यांवरच्या आशा कार्यकर्त्यांना पाठवली.

मंगळ. ४
लॅबवाले चेतनभाऊ यादी बघून म्हणाले, "ह्या डोंगरमा SS एकबी नई? आसं कसं व्हई? परत देख, ताई." राग आला. मशीन काय खोटं बोलतं? बघितलं नाही. पण डोक्यातून जाईना.

गुरु. ६
बोंबललं सगळं. कंसामागचा तो +! कंस दर अक्षराला नव्यानं भरतो, आधीचं टाकून देतो. AS चा उरला S, SS चाही S. पूर्ण जुळणी, दोन्ही अक्षरांची, शाबूत होती, शून्य नंबरच्या खणात. मी ती मागितलीच नाही. संध्याकाळी मागितली. सात SS. सातही जण माझ्या यादीत 'वाहक, औषध नको'.
डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी उद्या सकाळीच गाडी काढायला सांगितली.

शुक्र. ७
सहा घरं भेटली. सातवी सुमी, वय ६. तिथल्या आशा, सेवलीताई म्हणाल्या, "ते काल दुपारीच गेले ना, गुजरातला, ऊसतोडीला. बाप विचारत होता, पोरीचे हात सुजतात, नेऊ का? मी म्हटलं, यादीत वाहक आहे, न्या."
मंगळवारी चेतनभाऊंचं ऐकलं असतं तर...

रवि. ९, लोणखेडा (घरी)
सुमीच्या बापाचा फोन बंद. काल गुजरातकडे जाणाऱ्या विसरवाडीच्या फाट्यावर जाऊन ट्रकवाल्यांना विचारलं. "मुकादम कोण?" म्हणे. मला काय माहीत!
आई: "आज सुटी शे ना? फोन खाले ठेव, दोन घास खाई ले." ओरडले तिच्यावर. उगाच.

सोम. १०
सेवलीताईंनी त्यांच्या टोळीच्या मुकादमाचा नंबर मिळवला. एकदाच लागला. मागे ट्रॅक्टर. एका दमात सांगितलं: सुमीला आजार आहे, यादी चुकली, दवाखान्यात न्या, पाणी पाजत राहा, ताप आला तर थांबू नका. तो नुसता "हां, हां". मग कट. आता लागतच नाही.
किती ऐकलं त्यानं? शेवटचं तेवढंच ध्यानात राहिलं असेल तर?
शेवटी मी म्हणाले होते, "बाकी काळजी करू नका."