डेगीची अनामत

मु. पो. चौक, शुक्रवार, दि. १२ डिसेंबर २०२५, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. जमातीच्या खोलीत बसून पळ्या मोजत आहे.

आदरणीय मामूजान यांस भाचा मुदस्सरचा सलाम. आपली शुगर आणि मुमानींचे गुडघे ताब्यात असावेत अशी दुआ करतो.

आपण मुतवल्ली, म्हणजे वक्फाचे राखणदार, या नात्याने जमातीची लग्नाची भांडी, पंगतीचा भात शिजवायच्या डेगींपासून पळ्यांपर्यंत, माझ्याकडे सोपवलीत. कारभार सुधारला आहे. (मध्यंतरी थोडा बिघडला होता, तेही लिहितो.) भांडी देणाऱ्या हाजीसाहेबांची अट साधी होती: गावातल्या कोणाच्याही लग्नाला, जातधर्म न पाहता, फुकट द्यावी, विकू मात्र नये. लोक नेत आणि लाजेकाजेने कधीतरी परत आणीत. मी सुधारणा म्हणून भांड्यामागे पाचशे रुपये अनामत लावली. तेव्हापासून एकही भांडे परत येईना. डेग नेलेल्या अंबूबाईंकडे गेलो, तर तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. म्हणाल्या, "पाचशे मोजलेत रं मी. इकत घेतलेली वस्तू मागतोस, लाज नाय वाटत?" म्हणजे आजवर कोणी केले नाही ते मी केले. वक्फ विकला, आणि तोही पावती देऊन.

पण मी खचलो नाही. सर्वांची अनामत परत केली आणि पैसे देताना त्याबदली घरच्या टीव्हीचा रिमोट जमा करून घेतला. अंबूबाईंची डेग संध्याकाळच्या मालिकेआधी आली, कोंबडीसकट. बाकीचीही आली. फक्त थोरली डेग राहिली आहे. रविवारी गोमाशेठच्या हर्षलाची हळद आहे, सहाशे पान. ते रोज विचारतात, "डेग हाय ना रं?" मी छातीठोकपणे "आहे" म्हणतो. जमातीचा शब्द आहे, तो मोडणार नाही.

आपला आज्ञाधारक,
मुदस्सर

ता. क. थोरली डेग आपल्या गच्चीवर आहे आणि तिच्यात कढीपत्ता लावलेला आहे. मुतवल्लीच्या घरी म्हणजे जमातीतच, हे आपले म्हणणे मुमानींकडून कळले. पत्र आणणारा संतोष टेंपो घेऊन दारात उभा आहे. डेगीच्या बुडाला भोक पाडले नसावे, अशी आशा करतो.

आणखी एक. चष्मा शोधू नये. काल येऊन गेलो तेव्हा आपण झोपला होता. आपण टीव्ही पाहत नाही, म्हणून मुमानींनी रिमोटाऐवजी तोच काढून दिला. हे पत्रही त्याच वाचून दाखवत असतील, त्यांना सलाम.

टेंपोभाडे आठशे. पैकी दिले तीनशे, बाकी पाचशे आपण संतोषला द्यावे.
येणे: डेग एक.
देणे: चष्मा एक.