उत्तमरावले लावलेला अल्ट्राक्रेपिडेरियन

७ एप्रिल, सोमवार
नात आचल अमरावतीहून आली. क्लासातला इंग्रजी शब्द शिकवला: अल्ट्राक्रेपिडेरियन. अर्थ, ज्यातलं कळत नाही त्यात अक्कल पाजळणारा. उगम, लॅटिन. एका चपला शिवणाऱ्यानं चित्रातल्या चपलेची चूक काढली, चित्रकारानं सुधारली. मंग गडी तंगडीचीबी चूक काढाले लागला. चित्रकार म्हणे, चपलेच्या वर बोलू नको.
वापर: शेजारचे उत्तमराव.

८ एप्रिल
मारोतीच्या भंडाऱ्यात रोडगे भाजायचा मान तीस वर्षं आमच्या घरचा. औंदा धनी खुशालराव राहिले नाहीत, म्हणून पंच अकोल्याचा केटरर आणून राहिले होते. म्या सांगतलं, खुशालराव नुसता गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर लावत, बाजेवर बसून डोकं चाले माहं. मान राहिला. चुकलं तर कायमचा जाईन. पण चुकणार काहून?

१० एप्रिल
सून वर्षाली म्हणे, आत्याबाई, आधी चार रोडगे भाजून पाहा. तिले शब्द लावला.

११ एप्रिल
उत्तमराव कुंपणावरून म्हणे, वयनी, गोवऱ्या ओल्या दिसून राहिल्या. म्हटलं, भाऊजी, तुमी एसटीतले कंडक्टर, तिकिटं फाडा. आन् शब्द हाणला. घाबरून विचारे, हा रोग कोणाले झाला? म्हटलं, आरशात पाहा.

१२ एप्रिल, शनिवार, सकाळी ८
चाळीस किलो कणीक. जो तो म्हणे, आर होऊ द्या. म्या जाळातच टाकले. सगळ्याईले एकेक शब्द. वाटला तरी सरत नाही.

१०.३०
धूर लय. चांगलं लक्षण.

१२.००
वरून काळे. म्हणजे आतून पिकले असतीन.

१२.३०
नाही पिकले. पंच मोतीराम पंगतीत ओरडे, गोदाबाई, अर्धा कोळसा, अर्धी कच्ची लेई, आधी काय खाऊ?

संध्याकाळी ६
उत्तमरावनं घरच्या वाळल्या गोवऱ्या आणल्या, नवा आर लावला, रोडगे भाजले. चार वाजता पंगत जेवली, बोटं चाटून.
म्या विचारलं, कंडक्टरले हे कोणं शिकवलं? म्हणे, वयनी, तीस वर्षं आर मीच लावत होतो. खुशालभाऊ मांगं तंबाखू मळत बसत. धुरात आमी दोघं सारखेच दिसो.
मान उत्तमरावच्या घरी गेला.
आचल म्हणे, आजी, शब्दाचं वाक्य करून दाखव. म्हटलं, मले झोप येऊन राहिली.